कडूबाच्या जागी

हे स्थळ मीच जुळवलं होतं. आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायचा धीर होणार नाही.

संध्याकाळचे साडेपाच वाजले की शेजारच्या घरात मेघा मोबाइल उभा करायची. सासऱ्यांच्या पलंगाशी एक स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकवलेला मोबाइल. तिकडे अमेरिकेत तिच्या नवऱ्याचे, हिमांशूचे, सकाळचे आठ वाजलेले असत. तो कुकरचं झाकण हातात धरून विचारायचा, "शिट्ट्या किती?"

"चार. अन् पाणी बोटाच्या दोन पेरांएवढं घाला," मेघा सांगायची. सांगता सांगता एक हात कमरेवर ठेवून ती जरा मागे वाकायची. हिमांशूला ते दिसत होतं. पण त्याचं लक्ष शिट्ट्यांकडे असायचं.

हिमांशू इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. ऑगस्टमध्ये तो वर्षभरासाठी तिकडच्या विद्यापीठात पाहुणा संशोधक म्हणून गेला. डोक्याने तल्लख, पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत स्वतःचा रुमालसुद्धा न धुतलेला. तिथे गेल्यावर गडी जमिनीवर आला. पहिले कित्येक दिवस रिकाम्या फ्लॅटमध्ये खाली चादर टाकून राहिला. बँकेला घराचा कागद हवा, घरमालकाला बँकेचा हवा, फोनवाल्याला दोन्ही हवेत. बस थांबवायला खिडकीजवळची दोरी ओढायची असते हे कळेपर्यंत रोज दोन थांबे पुढे जाऊन उन्हातून मागे चालत यायचा. भांडी धुण्याच्या यंत्रात त्याने साधा भांड्यांचा साबण ओतला आणि स्वयंपाकघरभर फेस झाला. पहिल्यांदा फोडणी घातली तेव्हा छतावरचा धुराचा भोंगा असा बोंबलला, की हा टॉवेल हलवत घरभर नाचला. सगळं तो मेघाला रंगवून सांगायचा आणि तीही खळखळून हसायची.

एके दिवशी त्याने आपले कपडे धुऊन, घड्या घालून त्यांचा फोटो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकला. त्याची आई शैलाताई, त्यांनी लिहिलं, "माझ्या लेकराला किती कामं पडतात." आम्ही सगळ्यांनी त्याखाली कौतुकाचे अंगठे टाकले. त्यात एक अंगठा माझा होता.

त्याच दिवशी मेघाने सासऱ्यांच्या दोन चादरी, तीन लुंग्या आणि पलंगावरचं रबरी कापड धुऊन गच्चीवर वाळत टाकलं होतं. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

हिमांशूचे वडील हेमचंद्र हे जिल्हा कचेरीतले जुने कारकून. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि शब्दही अर्धे झाले. तेव्हापासून गंगापूरकडचा कडूबा सकाळ-संध्याकाळ यायचा, त्यांना उचलायचा, अंघोळ घालायचा, कपडे बदलायचा. लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी कडूबाचं काम बंद झालं. घरात माणूस असताना बाहेरचं कशाला, असं शैलाताईंचं म्हणणं. त्या काही दुष्ट बाई नाहीत. गुडघ्यांनी हैराण आहेत आणि त्यांनी स्वतः अंथरुणाला खिळलेल्या सासूचं नऊ वर्षं केलं आहे. त्या नऊ वर्षांतून त्या एवढंच शिकल्या, की हे सुनेनं करायचं असतं. मेघा अंघोळ घालायला लागली की हेमचंद्र भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेत, ते थेट कपडे चढेपर्यंत. लाज त्यांनाही होती. पण ती सांगायला शब्द नव्हते.

मेघा वैजापूरची, माझ्या माहेरच्या गावची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी झालेलं. बघायच्या कार्यक्रमात हिमांशूच म्हणाला होता की शिक्षण पुरं करायचं. पण अमेरिकेचं पत्र मार्चमध्ये आलं, लग्न मेमध्ये उरकलं आणि जूनमध्ये सगळ्यांचं ठरलं की मेघाने एक वर्ष थांबावं, बाबांचं बघावं, हिमांशू आला की मग शिकावं. मला सोबत येता येईल का, असं तिने त्याला एकदाच विचारलं होतं. पाहुण्या संशोधकांना बायको नेता येत नाही, असं तो म्हणाला. आईने सुचवलं आणि तो बोलून गेला. असं खोटं तोंडातून पहिल्यांदा निघायलाच काय तो वेळ लागतो.

तिथे हिमांशूला बसमध्ये युसूफ भेटला. तो आपल्याच शहरातल्या शहागंजचा आणि त्याच विद्यापीठात पाहुणा संशोधक. मराठी ऐकून दोघांनाही भरून आलं. युसूफची बायको अदीबा हिने हिमांशूला कणीक कुठे मिळते ते दाखवलं, त्याला एक जुनी गादी मिळवून दिली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्यांनी त्याला नाश्त्याला बोलावलं. आठ वाजता त्याने नेहमीप्रमाणे घरी फोन लावला. गावची वहिनी म्हणून अदीबाने हौसेने फोन हातात घेतला.

"भाभी, तुम्ही का नाय आलात?" ती म्हणाली. "माझा व्हिसाचा कागद तर यांच्या कागदाबरोबरच निघाला. बायकोला देतातच की ते लोक."

"हो का?" मेघा म्हणाली. मग बाबांच्या चहाची वेळ झाल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइल तांब्याला टेकवला नाही. गच्चीच्या पायरीवर एकटी जाऊन बसली आणि तिथून फोन केला. कागद होता का, एवढंच तिने विचारलं. हिमांशूने मला नंतर सांगितलं, की तेव्हा आणखी एक थाप मारणं सहज जमलं असतं. पण त्याने ती मारली नाही.

"होता," तो म्हणाला. "फॉर्मवर सोबत येणाऱ्यांचा रकाना होता. मी 'कोणी नाही' लिहिलं."

"मला अमेरिकेला यायचंच नव्हतं," मेघा म्हणाली. "विचारलं असतं, तर मी इथंच राहून माझं वर्ष पुरं केलं असतं. तुम्ही विचारलंच नाही. आता ऐका. उशिराच्या प्रवेशाची मुदत येत्या सोमवारपर्यंत आहे. मी आजच विभागातल्या मॅडमना भेटून आलेय. सोमवारपासून सकाळी नऊला मी विद्यापीठात जाणार. बाबा तुमचे आहेत, त्यांची सोय तुम्ही बघा. मी घरातली म्हणून जेवढं करायचं तेवढं करीन."

खाली येऊन तिने हेच सासूला सांगितलं. शैलाताईंचा संताप झाला. तोंडाला येईल ते बोलल्या, मग रडल्या, मग हिला समजाव म्हणून मुलाला फोन लावत बसल्या. पलंगावरून हेमचंद्र सगळं ऐकत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि बऱ्याच खटपटीनंतर एक शब्द काढला. "जा," ते मेघाला म्हणाले.

हिमांशूने आईचा फोन उचलला नाही. आधी त्याने कडूबाचा नंबर शोधला. पुन्हा येशील का, असं विचारताना त्याला वाटत होतं आपण मोठं काहीतरी करतोय. कडूबाने यायचं कबूल केलं आणि मग विचारलं.

"सर, एक विचारू का? बाबांना मी एकला कधीच उचलत नव्हतो. धाकटा भाऊ यायचा संगं. तरी मला कमरंला पट्टा लागायचा. वहिनी एकल्या कशा उचलत्यात? त्यांची लई आबाळ झाली असंल."

दोन महिने रोज पडद्यावर दिसलेला तो कमरेवरचा हात हिमांशूला आठवला. आपण शिट्ट्या मोजत होतो, हेही आठवलं. समोर त्याने कालच धुऊन ठेवलेल्या चार बनियनांची घडी होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून त्याने ती कपाटात कोंबली. मग आईला फोन लावला.

तिचं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं. ती थांबल्यावर म्हणाला, "आई, आपण कडूबाच्या जागी माणूस आणलं. त्याला लग्न म्हणालो. यात तुझ्याएवढाच मीही आहे, माझा वाटा जास्तच. सोमवारपासून कडूबा आणि त्याचा भाऊ येतील. मेघाला अडवू नकोस."

मेघाची त्याने माफी मागितली. ती तिने दिली की नाही, ते त्या दोघांनाच माहीत. तो आल्यावर बघू, एवढंच ती म्हणाली. आता साडेपाचला फोन हेमचंद्रांच्या पलंगाशी कडूबा धरतो आणि वरणाला किती शिट्ट्या ते हिमांशूचं हिमांशू बघतो.

इथे ही गोष्ट संपवता आली असती. नवरा चुकला, सासू चुकली, सून हिमतीची निघाली, वाचणाऱ्यांनाही बरं वाटलं असतं. पण त्या सोमवारी सकाळी नऊला मी तुळशीला पाणी घालत होते. मेघाने स्कूटी बाहेर काढली, कमरेला पट्टा बांधलेला होता. ती माझ्या फाटकापाशी थांबली.

"सुलेखामावशी, कडूबाला बंद करणार होते, ते तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. हे स्थळ सुचवायच्या आदल्या दिवशी शैलाताई माझ्याच स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या होत्या, की लग्न झालं की कडूबाला बंद करू. मी ऐकलं आणि त्यांच्या कपात चहा ओतला. दुसऱ्या दिवशी वैजापूरला जाऊन मेघाच्या वडिलांना सांगितलं, पोरगी आज ना उद्या अमेरिका बघेल हो. एकतीस वर्षं शाळेत मुलींना शिकवलं मी. खरं बोला म्हणून फळ्यावर लिहीत होते.

"होतं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, स्कूटी चालू केली आणि निघून गेली.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांचा मुलगा उन्हाळ्यानंतर दोन वर्षांसाठी परदेशी चालला आहे. घरात आजी अंथरुणावर. त्याआधी उरकून टाकायचं आहे, म्हणून साधी, घरगुती मुलगी सुचवा म्हणाल्या. मुलगी त्याच्यासोबत जाणार का, असं मी विचारलं. "अहो, मग घरी कोण?" त्या हसून म्हणाल्या.

मी आत गेले. मुलींची माहिती असलेली माझी वही कपाटातच राहू दिली. कडूबाकडून त्याच्या ओळखीच्या एका बाईचा नंबर घेऊन ठेवला होता, ती म्हाताऱ्या माणसांचं करते. ती चिठ्ठी आणून मी त्यांच्यापुढे ठेवली.

"तुम्हाला सून नकोय, कामाला माणूस हवंय," मी म्हणाले. "तर हा नंबर घ्या. अन् मुलाचं लग्न तो परत आल्यावर करा, किंवा बायकोला सोबत नेणार असेल तेव्हा करा."

चहा अर्धा टाकून त्या उठल्या. चिठ्ठी तिथेच राहिली. मी ती उचलून वहीत घातली आहे. असं विचारायला आणखी जणी येतील, तेव्हा लागेल. मेघाची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. ती माझ्याशी अजून बोलत नाही. नऊ वाजले की मी तरीही फाटकाशी जाऊन उभी राहते.