कडेचं खोपट

आमचे मालक कानिफनाथ म्हंजी लई हुशार गडी. सोळा शेळ्या हायत आमच्या, आन त्यातली एक जरी शिंकली तरी ह्यांच्या हातातला घास ताटात पडतो. लगेच तिला कळपातनं काढायची, कडेच्या खोपटात कोरड्या पोत्यावर बांधायची, कोमट पानी पाजायचं आन जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायचा. "नाक गळतंय तवाच धावायचं. छातीत उतरल्यावर धावून काय उपेग?" असं समद्या काष्टीच्या बाजारात सांगत फिरतात.

आन सोताला? गेल्या थंडीत दहा दिवस नाक गळतंय, छाती घरघरतीय. मी म्हनले दवाखान्यात चला, तर म्हनतात, "सर्दीसाठी कुनी डॉक्टरकडं जातं का, येडे?" शेवटी न्युमोनिया झाला. बारा दिवस नगरच्या दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजन. मी भायेर बाकड्यावर बसून देवाला काय काय बोलले ते त्यालाच ठावं. घरी सोडताना डॉक्टरनी बजावलं, तुम्हाला शुगर आहे, पुन्हा सर्दी-खोकला अंगावर काढू नका.

मागच्या सोमवारी दूध काढताना ह्यांनी शिंक दाबली. मला ऐकू येऊ नये म्हनून टॉवेलात दाबली, बघा! दुपारपातुर खोकला सुरू. "धूळ गेली नाकात," म्हने.

माझं डोस्कंच फिरलं. कडेच्या खोपटात कोरडी पोती हातरली, वर गोधडी टाकली, कोमट पान्याची बादली ठेवली आन हाक मारली, "या. कळपातनं भायेर."

"आगं, डोकं ठिकानावर हाय का तुझं?"

"तुमचाच कायदा हाय. आता जनावरांच्या डॉक्टरला फोन लावू का मानसांच्या?"

शेजारचा रामहरी कुंपनावरनं खो खो हसला. हे लालबुंद. पर मग माझ्याकडं बघितलं. माझे डोळे भरलेले हुते, लपवता आले न्हाईत.

"त्या बाकड्यावर पुन्यांदा न्हाई बसायचं मला," मी म्हनले.

ह्यांनी गुमान गाडीची किल्ली काढली.

डॉक्टरनी छाती तपासली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितला. "छाती साफ आहे. बरं झालं लवकर आलात. औषधं थोडी, आराम जास्त. ताप चढला, दम लागला तर लगेच या." शनिवारी हे बाजारात ठनठनीत उभे.

आज सकाळी चुलीपुढं मला शिंक आली. एकच. धुरानं आली आसंल. मागं वळून बघते तर हे कडेचं खोपट झाडत हुते. काखेत माझी गोधडी.

मी खुदकन हसले.

"हसू नगं," हे म्हनले. खाली बघत पोतं सारखं करत हुते. "तू बसलीस बारा दिवस. मला त्या बाकड्यावर एक दिस बी बसता यायचं न्हाई."

मग काय! चूल इझवली आन गाडीवर मागं बसले.