नावानुसार लावा

सासूबाईंचा डेस्कटॉप पाहिला की जावई तोंड फिरवायचा. मागे घरच्यांचा फोटो आणि त्यावर फायलींचा नुसता सडा. नावं तरी काय? ‘कोडं’, ‘कोडं नवं’, ‘कोडं नवं नवं’, ‘हेच’, ‘हेच ते’, ‘बघू’. फोल्डर म्हणून औषधालाही नाही! फोटोत लेकीच्या खांद्यावर थोड्या फायली, नातीच्या फ्रॉकवर त्याहून जास्त, आणि कडेला उभ्या जावयाच्या तोंडावर तर इतक्या, की मिशीसुद्धा दिसू नये. कैलासवासी सासऱ्यांवर मात्र एकही नव्हती. इतकी वर्षं हे बघून त्याने एवढाच अर्थ काढला होता, की बाईंना शिस्त नाही.

जावई विमा कंपनीत नोंदी विभागाचा प्रमुख. घरी त्याचे मोजेसुद्धा रंगवार लावलेले. त्याच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: फायलीला तारखेसकट नाव देणारी आणि बिनडोक. सासूबाई कुठल्या प्रकारात मोडतात, हे तो बायकोला जेवताना ऐकवायचा. “तू जेव गपचूप,” ती म्हणायची.

सासूबाई एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायच्या. नवरा गेल्यावर त्यांना तेवढाच आधार उरला होता. पण मागच्या महिन्यात एका कोड्यात आडवा शब्द उभ्याशी जुळेना, आणि संपादकाने तोंडावर सांगितलं, “आणखी एक चूक झाली तर सदर बंद. कोडी काय, सॉफ्टवेअरही करतं.” तेव्हापासून त्या चौकट न चौकट तपासून मगच कोडं पाठवायच्या.

त्या दुपारी त्या लेकीबरोबर डोळे तपासायला गेल्या होत्या. जावई घरी एकटाच. संपादकाचा फोन आला, “आठवड्याचं कोडं कुठंय? तासाभरात पान लावतोय.”

“आत्ता पाठवतो,” जावई म्हणाला. बायकोला फोन करून विचारता आलं असतं. पण फाईल कुठली हे नोंदी विभागाच्या प्रमुखाने विचारायचं, तेही असला उकिरडा करून ठेवणाऱ्या बाईंना? त्याने राइट क्लिक केलं आणि ‘नावानुसार लावा’ दाबलं. सगळ्या फायली मुकाट्याने डावीकडे रांगेत गेल्या. सगळ्यात वर आली ‘अंतिम’. शोधावंसुद्धा लागलं नाही. त्याने ती पाठवून दिली आणि फोटोतला आपला मोकळा झालेला चेहरा कौतुकाने न्याहाळत बसला.

सासूबाई आल्या आणि दारातच थबकल्या.

“हे कोणी केलं?”

“मी,” जावई म्हणाला. “आई, काय पसारा घालून ठेवला होतात! आता बघा, कसा माणसांचा कॉम्प्युटर वाटतोय. आणि हो, संपादकांचा फोन आला होता. तुमचं कोडंही पाठवून टाकलं.”

“कुठलं?”

“अंतिम. दुसरं कुठलं पाठवणार?”

सासूबाई चपलांसकट आत आल्या. “अहो, लेकीवरचं पाठवायचं होतं! तपासून झालं की मी ते तिच्यावर ठेवते. काम चालू असेल तर नातीवर. नावाकडे कोण बघतंय?”

“मग अंतिम?”

“ते अंतिम वाटलं होतं. मग त्यात चूक सापडली. ते तुमच्यावर होतं.”

“माझ्यावर म्हणजे?”

बायको एकदम चपला जागेवर ठेवायला वळली.

“चुकलेलं, वाया गेलेलं ठेवायलाही जागा लागतेच ना,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी संपादकाला फोन लावला आणि चूक झाल्याचं स्वतःच सांगितलं. पान छपाईला गेलं होतं. पलीकडचं बोलणं थोडक्यात आटोपलं. “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. “सदर बंद,” त्या लेकीला म्हणाल्या.

जावई घाईघाईने कळफलकावर ‘पूर्ववत’ करू पाहत होता. रांग हलेना.

“मी परत लावून देतो, आई. तुम्ही फक्त सांगा, कुठलं कोणावर होतं.”

“सरका.”

त्यांनी माऊस हातात घेतला. ‘अंतिम’ उचललं आणि त्याच्या कपाळावर नेऊन ठेवलं. मग ‘बघू’. मग ‘हेच ते’ – लेकीवरचं, चौकट न चौकट बरोबर असलेलं. तेही त्याच्याच तोंडावर. मग नातीवरची सगळी, एकेक करून. घाई अशी त्यांनी केलीच नाही. जावई मागे उभा राहून बघत होता. शेवटची फाईल ठेवून झाली तेव्हा फोटोत लेक, नात आणि सासरे स्वच्छ दिसत होते.