बेटावरचं वादळ, बिडकीनची विहीर

समुद्राच्या तळातून एक शिंपला आणला, तर दगडाबाईच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ. येत्या उन्हाळ्यात दोन्ही घरच्या कुरडया थोरल्या जावेनं, म्हणजे भागूबाईनं, एकटीनं करायच्या. गहू भिजवण्यापासून सोऱ्या दाबण्यापर्यंत सगळं. आणि भागूबाईनं एक वाक्य कायमचं गिळायचं. कुरडया हा वरचा भाग होता. खरा सौदा त्या वाक्याचा होता.

ते वाक्य असं: "आमच्या घरात वस्तूंना पाय फुटतेत, बाई."

दगडाबाई नवी नवरी होऊन बिडकीनला आली, त्याच वर्षी भागूबाईची पितळी कळशी नाहीशी झाली. माहेरच्या आहेरातली, काठावर नाव घातलेली. नेमका त्याच दिवशी दगडाबाईचा भाऊ बहिणीला भेटून, हातात पिशवी घेऊन परत गेला होता. भागूबाईनं कुणाला चोर म्हटलं नाही. एवढी साधी ती नव्हतीच. सासूसमोर फक्त हे वाक्य बोलली, आणि पुढं घरात चमचा जरी सापडेना, तरी बोलत राहिली. सासू गेली, घरं वेगळी झाली, नातवंडं आली. वाक्य मात्र ठणठणीत.

पैज लागली ती कय्युममुळं. कय्युम म्हणजे गावच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या नूरमोहम्मदचा मुलगा. पाठीला भोपळा बांधून इथल्याच विहिरीत पोहायला शिकला, आणि पार अंदमानातल्या एका बेटावर जाऊन माणसांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचा धंदा थाटून बसला. बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा बचत गटाच्या बायकांना म्हणाला, "चला मावशी, येताय का संगं? समुद्राचा तळ दाखवतो."

"ही दगडी जाईल तळाला?" भागूबाई हसली. "शिंपला आणून दाखव म्हणावं!"

"आणीन की," दगडाबाई म्हणाली, आणि अटी ठरल्या. हरली तर कुरडया तिनं करायच्या, आणि ते वाक्य मरेपर्यंत मान खाली घालून ऐकायचं.

निघायच्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावर बायका धपाट्यांचे डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तेवढ्यात कय्युमचा फोन वाजला. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"मावशी, तूफान झालंय. बेटावर."

सगळ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. फोनवर व्हिडिओ आला होता. बोटी लावायचा लाकडी धक्का मधूनच गायब. दुकानाचा पत्रा रस्त्यापलीकडं. आणि एक निळी बोट नारळाच्या दोन झाडांमध्ये आडवी अडकलेली, जणू कुणी वाळत घातलीय.

"ही माझी नजमा," कय्युम म्हणाला. बोटीला त्यानं बायकोचं नाव दिलं होतं.

बायको मागंच उभी होती. "मैं इधर खडी हूँ, और तुमने मेरे को झाड पे चढा दिया?"

कय्युम खळखळून हसला आणि फोन धरलेल्या हातानंच त्यानं डोळे पुसले. माणसं सगळी शाळेच्या इमारतीत सुखरूप होती, एवढं बरं.

"आन पाणी?" दगडाबाईनं विचारलं. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"पाण्याचा तर चिखल झालाय, मावशी. लाटांनी तळ ढवळून काढलाय. उथळातली पोवळी मोडली. लई दिवस आपलाच हात आपल्याला दिसायचा नाय. विमानं बंद. ह्या मौसमाची गिऱ्हाइकं गेलीच समजा."

भागूबाईनं धपाट्यांचा डबा उघडला. "म्हंजे दगडे, तू हरली. सोऱ्या घासून ठेव."

"वादळ काय मी आणलं का, बाई?"

"शिंपला आणला का?"

परतीच्या जीपमध्ये दगडाबाई खिडकीबाहेर बघत बसली. शेजारी कय्युमही तसाच. पैठण रस्त्याला लागल्यावर तो एकाएकी वळला.

"मावशी, माझं बुडी मारायचं दोन जोडी सामान इथंच हाय. शाळेत पोरांना दाखवायला आणलं होतं. तुमच्या विहिरीत जायचं का? मला बी आज पाण्यात गेल्याबिगर चैन पडायचं नाय."

दगडाबाईनं टाळी वाजवली. "तळातून काय बी आणलं तर चालंल ना, बाई? तिथं शिंपले कुठले?"

भागूबाईच्या घशात धपाटं अडकलं. "इहिरीत? इहिरीत नको! आसरा असतेत तिथं, माणसाला तळाला वढतेत."

दगडाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. उभा जन्म त्या विहिरीवर धुणं बडवलं, तेव्हा ह्या बाईला एक आसरा आठवली नव्हती. समुद्राची पैज हिनं खुशाल लावली, आणि विहिरीचं नाव काढताच कपाळावर घाम?

"मी जाणार," ती म्हणाली.

दुपारी सगळं गाव विहिरीवर लोटलं. सुनेचा पंजाबी ड्रेस घालून, पाठीवर सिलिंडर घेऊन दगडाबाई पायऱ्यांवर उभी राहिली. कय्युम कमरेला शिशाचा पट्टा बांधायला लागला, म्हणजे माणूस तरंगत नाही.

"अरे, उसको वजन कायकू?" नूरमोहम्मद वरून ओरडला. "नाम मेंच दगड है!"

काठावर हशा पिकला. दगडाबाईही हसली आणि हसता हसता पाण्यात शिरली.

पहिला श्वास तिनं डोळे मिटून घेतला. पाण्यात श्वास! मग दुसरा, तिसरा. कय्युमनं हात धरला होता. पावसाळ्यात भरलेली विहीर आता निवळून काचेसारखी झाली होती. वरून उन्हाचे पट्टे उतरत होते, दगडांच्या सांध्यांतून इवले मासे डोकावत होते. ही विहीर दुष्काळातही पुरती आटली नाही, म्हणून तिचा तळ कुणी कधी पाहिला नव्हता. दगडाबाईला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडता येईना, म्हणून तिनं कय्युमचा हात गदागदा हलवला.

तळाला, जुन्या पायरीखालच्या कपारीत, काहीतरी गोल होतं. तिनं गाळात हात घातला. काठ लागला. मग गळा. गळ्याला काहीतरी बांधलेलं.

ती वर आली ती कळशी छातीशी धरूनच. तोंडातली नळी काढायच्या आधी तिनं काठ अंगठ्यानं घासला आणि कळशी आप्पासाहेबांपुढं, म्हणजे आपल्या नवऱ्यापुढं, धरली.

"वाचा," नळी काढून ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी चष्मा लावला. "'चि. भागूबाई हिस... मामाकडून सप्रेम भेट.'"

भागूबाई पुढं आली. "म्हंजे तूच टाकली व्हय गं इहिरीत? चोरून नेता आली नाय म्हणून?"

दगडाबाईनं गळ्याला बांधलेली पट्टी पाण्यात खळबळली. गाळ गेला आणि खालून पोपटी रंग निघाला. लखलखीत नव्हता, पण पोपटीच. नायलॉनला काय होतंय! दोर तोकडा पडला म्हणून कुणीतरी साडीचा काठ फाडून जोडला होता, आणि दोराकडची गाठ सुटून कळशी गेली होती. त्या काळी घरात पोपटी नायलॉनची साडी एकीकडंच होती. काठावरच्या जुन्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"दोर तोकडा पडला होता का, बाई?" दगडाबाईनं अगदी गोडीत विचारलं.

भागूबाई पायरीवर बसली. "सासूबाईंनी जीव घेतला असता माझा."

"म्हणून माझा घेतला व्हय?"

भागूबाईनं मान खाली घातली. आता बोलायची पाळी दगडाबाईची होती, आणि ती काही सोडणार नव्हती. "पाय नाय फुटत आमच्या घरात वस्तूंना," ती काठाकडं बघून मोठ्यानं म्हणाली. "पोहायला जातेत!"

मग जो गोंधळ उठला! ज्याला त्याला आपापली बुडालेली भांडी आठवायला लागली. कुणाची बादली, कुणाचा तांब्या. "कय्युम, आता मी!" "माझं नाव आधी लिही!" कय्युम ओला चिंब, दोन्ही हात वर करून हसत होता.

राहिला हिशोब. वादळ झालं बेटावर. किंमत कय्युमनं बोट देऊन भरली, बेटानं धक्का आणि पोवळी देऊन. भागूबाईनं उन्हाळ्यात दोन्ही घरच्या कुरडया करून भरली, आणि वरून एक डबा बेटासाठी. दगडाबाईला काहीच भरावं लागलं नाही. तिनं सगळं आधीच भरून ठेवलं होतं, त्या पोपटी वर्षापासून.