गार दिसणारी मोटर

मलमाच्या डब्या भरणाऱ्या यंत्राची तबकडी मधेच थबकली होती आणि खोलीत जळक्या वार्निशचा वास कोंदला होता. मोटर गेली हे कळायला ताईला ती उघडायची गरजच पडली नाही.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात, मोटर तापली तर यंत्र आपणहून थांबेल," कारखान्याचे मालक म्हणाले. "थांबलं खरं. पण जळून!"

"साहेब, ऐका," धाकटा भाऊ मधे पडला. यंत्रं बनवायची ताईने, विकायची आणि त्यांची देखभाल करायची त्याने, अशी दोघांची भागीदारी होती. "डिझाइन सगळं ताईचं. गणितात काही राहिलं असेल. माणूसच आहे शेवटी."

ताईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो बॅगेतून टॉर्च काढण्यात गुंतला होता.

तबकडी एक घर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. एकसारख्या चालणाऱ्या मोटरपेक्षा अशी घडोघडी निघणारी मोटर जास्त तापते, कारण निघताना दर वेळी ती जास्त वीज खेचते. म्हणून ताईने वेगाला मर्यादा घातली होती आणि मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यात, सेन्सर बसवला होता. तो तापला की पॅनेलमधला रिले वीज तोडणार.

"वेग मी वाढवला, कबूल," मालक म्हणाले. "मध्यंतरी त्यामुळे सारखं बंद पडायचं. नंतर सुरळीत झालं. वाटलं, रुळलं यंत्र!"

ताईने पॅनेल उघडलं. लहानपणापासूनच्या सवयीने भावाने टॉर्च धरला. सेन्सरच्या तारा सोडवून, टोकांना नीट टेप लावून बाजूला वळवल्या होत्या. त्यांच्या जागी एक छोटासा रेझिस्टर होता.

"ऑपरेटरचे उद्योग!" भाऊ म्हणाला.

"माझे? अहो, माझ्या घरचा बल्बसुद्धा बायको बदलते!" यंत्रामागे उभा असलेला ऑपरेटर कळवळून म्हणाला.

ताई हसली नाही. नुसती तार जोडून इथे भागलं नसतं. रिलेने ती लगेच ओळखली असती आणि यंत्र सुरूच होऊ दिलं नसतं. मोटर गार असल्याचं त्याला भासवायला नेमक्या मापाचा रेझिस्टरच लागतो. हे तिने एकालाच शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, कागदावर आकृती काढून. "पुरे गं ताई, माझंच डोकं तापलं, आता मला रिले लाव," असं म्हणून तो तेव्हा हसला होता. तिला वाटलं होतं, त्याचं लक्षच नाही.

"कधी केलंस?" तिने हळूच विचारलं.

भावाने आवाज खाली आणला. "साहेब यंत्र परत करणार म्हणत होते. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. घरी बोलू ना."

"आणि गणित माझं चुकलं?"

ताई मालकांकडे वळली. "माझं डिझाइन बरोबर होतं. हे संरक्षण माझ्या भावाने काढून टाकलं. मोटर आम्ही भरून देऊ."

"ताई! परक्यांसमोर?"

"माझं नाव तू कुणासमोर घेतलंस?"

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रेझिस्टर सोडवायला सुरुवात केली. भावाने टॉर्च आणखी जवळ आणला.

"ठेव तो खाली," ती म्हणाली. "मला दिसतंय."