भोंग्यानंतर

“कड्या काढ गं टॉर्चबाई, बोट आली तुझी!” कँटीनवाल्याने बशा पुसता पुसता रोजची हाक दिली.

“तुझ्या बशा फोडून झाल्या का आधी?” म्हणत ती उठली.

पडद्यावर जहाजाचा भोंगा वाजला की चार मिनिटांत सिनेमा संपायचा. तेवढ्यात चारही दारांच्या कड्या बाहेरून निघाल्या पाहिजेत, हा थिएटरचा नियम. त्यामुळे तीन आठवडे, दिवसाला दोन खेळ, तिने शेवट ऐकला होता तो पॅसेजमधूनच. तराफ्यावर त्रेसष्ट दिवस काढणाऱ्या त्या माणसाची बाकी सगळी गोष्ट तिला पाठ होती. उशिरा येणाऱ्यांना टॉर्च दाखवून बसवताना तिने ती तुकड्यातुकड्यांनी जोडली होती. शर्टात धरलेलं पावसाचं पाणी, कच्चा मासा, रोज उगवतीला जोडलेले हात. मग भोंगा, मग संगीत, मग डोळे पुसत बाहेर येणारी माणसं. जीव वाचला की माणूस रडतोच. त्यात विचारायचं काय?

तिने कुणाला विचारलं नव्हतं, आणि ते उगीच नव्हतं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता. अकरा महिन्यांपूर्वी ते जहाज बुडालं. चौदांपैकी नऊ जण मिळाले, कुणी जिवंत, कुणी नाही. तो उरलेल्या पाचांत. कंपनीने कागद पाठवला होता: सदर इसम हयात नाही असे मानण्यास आमची हरकत नाही. खाली सहीच्या दोन रेघा, एक बायकोची, एक आईची. बायकोने रेघेकडे पाहिलंही नव्हतं, आणि सासूबाईंनी कागद गादीखाली सारला होता.

“माझ्या हाताने पोराला बुडवू? तो सिनेमातला त्रेसष्ट दिवस काढतो, आणि माझा काय कमी चिवट आहे? जन्मला तेव्हाच दोन दिवस छळलंय त्याने मला!”

सासूबाईंचे गुडघे गेलेले, थिएटरच्या पायऱ्या त्यांना जमत नसत. म्हणून घरी पोचली की ती गोष्ट सांगायची, आणि शेवटी सासूबाई विचारायच्या, “भोंगा झाला का?” “झाला.” मग दोघी जेवायला बसत.

उद्या कंपनीचा माणूस कागदासाठी शेवटचा येणार होता. आणि आज सिनेमाचा शेवटचा दिवस.

दुपारच्या खेळाला भोंग्याच्या जरा आधी आतून कुणीतरी दार ठोठावलं. सातव्या रांगेत एका आजोबांना गुदमरत होतं, त्यांना बाहेर आणायचं होतं. “कड्या तू बघ,” असं कँटीनवाल्याला सांगून ती आत गेली. आजोबांचा दंड धरला, पायाशी उजेड पाडला. दोन पावलं टाकली आणि भोंगा वाजला.

तिने मान वळवली.

जहाज मोठं होतं, दिव्यांनी भरलेलं. माणूस शर्ट काढून हलवत होता, ओरडत होता. जहाज पुढे आलं, आणखी पुढे आलं, आणि तसंच निघून गेलं. माणूस हळूच खाली बसला. मग नुसतं पाणी दिसलं. मग पाण्यावर तराफा. तराफ्यावर कुणी नव्हतं.

“ओ बाई, टॉर्च बंद करा! तोंडावर मारताय!”

तिला बटण सापडेना. शेवटी आजोबांनीच तिच्या हातातून टॉर्च घेतला आणि बंद केला. मग त्यांनीच तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

खेळ सुटल्यावर प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटरमामा जिना उतरून आले. त्यांनी वरच्या झरोक्यातून तिला पाहिलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं ना मामा?”

“पोरी, मी रोज दोनदा बुडवतोय त्याला.”

“मग बोलला का नाहीत?”

“पहिल्या दिवशी तू हसत घरी गेलीस. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. त्यानंतर माझी जीभ उचलली नाही.” आजोबांनी मागे ठेवलेला टॉर्च त्यांनी तिच्या हातात दिला. “संध्याकाळी कड्यांचं मी कुणाला तरी सांगतो. तू जा घरी.”

सासूबाई खिडकीशी पाय पसरून बसल्या होत्या.

“आज लवकर? काय झालं?”

“काही नाही. शेवटचा दिवस ना.”

“बस. पाणी पी.” त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “भोंगा झाला का?”

“झाला.”

“मग?”

हा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. तिने तोंड उघडलं. ‘थांबलं जहाज’ एवढंच म्हणायचं होतं, दोनच शब्द. ते काही केल्या बाहेर येईनात. ती भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.

सासूबाईंनी वाट पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि गादीखालून कागद काढला. चारही घड्या उघडून तो पाटावर पसरला.

“पेन दे. आणि जरा उजेड धर, मला रेघ दिसत नाही.”

तिने टॉर्च लावला. सासूबाईंनी एकेक अक्षर दाबून काढलं, शेवटी पूर्णविराम दिला. मग पेन सुनेकडे सरकवलं. तिनेही आपल्या रेघेवर सही केली. उजेडाचं वर्तुळ कागदावर तसंच राहिलं.

“बंद कर तो,” सासूबाई म्हणाल्या. “सेल उगीच जातात.”