नेव्हिलची पाळी

"बँकवाल्याची बिअर? नको रे बाबा! फेसावरसुद्धा शुल्क लावेल मेला!"

क्लॅरी असं म्हणाला की सगळा पब खिदळायचा आणि नेव्हिलची पाळी ओलांडून पुढच्याची यायची.

विराबिल गावात पब एकच. दर शुक्रवारी क्लॅरीच्या टोळक्यातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं सगळ्यांना पाजायची, हा तिथला रिवाज. जो पाजत नाही तो चिक्कू. पण ज्याला पाजूच देत नाहीत त्यानं काय करावं? नेव्हिल प्राऊस गावच्या बँकेचा व्यवस्थापक. वणवा विझवायला तो सगळ्यांबरोबर धावायचा, क्रिकेटला पंच म्हणून उभा राहायचा. त्यानं कोणाला बाद दिलं तरी लोक म्हणत, "आणली जप्ती!" बिचारा वर्षानुवर्षं फुकट पीत होता आणि त्याला मनातून फार लागत होतं.

मग एका शुक्रवारी बँकेची शाखाच बंद झाली. शहरातून माणसं आली, भिंतीतलं पैशाचं यंत्र उचकटून ट्रकमधून घेऊन गेली. जाताजाता नेव्हिललाही नारळ दिला. सवयीनं तो पबमध्ये येऊन कोपऱ्यात बसला.

"आता आम्ही शिव्या कोणाला घालायच्या रे?" क्लॅरी करवादला. "फोनवरच्या त्या बाईला? ती नुसती 'एक दाबा, दोन दाबा' करते!"

मर्व्हची पाळी झाली, बार्नीची झाली. नेव्हिल खाली बघत राहिला. तेवढ्यात क्लॅरीनं रिकामा ग्लास टेबलावर आपटला.

"नेव्हिल, झोपलास काय? पाळी कोणाची?"

"माझी?"

"मग काय माझ्या म्हातारीची? आता कुठला तू बँकवाला!"

नेव्हिल धावतच गल्ल्यावर गेला आणि कार्ड पुढे केलं. गल्ल्यावरच्या नोएलीननं मान हलवली.

"कार्डाचं यंत्र तुझ्याच बँकेचं आहे, दुपारपासून बंद पडलंय. रोख दे."

खिशात दमडी नव्हती. भिंतीतलं यंत्र तर ट्रकमधून गेलं होतं. नेव्हिलला अगदी रडू यायचं बाकी राहिलं. इतक्या वर्षांनी आलेली पाळी हातची जाणार!

मागून क्लॅरीनं दोन नोटा गल्ल्यावर ठेवल्या.

"घे. पण व्याज लागेल हं!"

पब हसून लोळला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो नेव्हिल.

मग तो ग्लासांचा ट्रे घेऊन निघाला. इतक्या लगबगीनं की टेबलापाशी पोहोचेपर्यंत अर्धा फेस त्याच्या बँकेच्या टायवर सांडला. क्लॅरीनं पहिला ग्लास उचलला. फेसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.