एकोणचाळीसचे एकतीस

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी अक्षरपट्टी आहे. दुकानात मला स्टेन्सिल म्हणतात. माझ्या अंगात A ते Z आणि शून्य ते नऊ अशी भोकं कोरलेली आहेत. भोकात पेन्सिलीचं टोक घालून फिरवलं की कागदावर छापल्यासारखं अक्षर उमटतं. माझी गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई भारीच जळकी दिसते. म्हणा खुशाल. आहेच मी जळकी.

सव्वीस वर्षांपूर्वी गुरुशांतने मला सोलापुरात नवी पेठेतून आणलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याने तेव्हा नुकतंच लेथचं छोटं वर्कशॉप टाकलं होतं. कुणाच्या पंपाचा शाफ्ट मोडायचा, कुणाच्या यंत्रमागाचं चाक. गुरुशांत मापं घ्यायचा, कागदावर ड्रॉइंग काढायचा आणि अक्षरं, आकडे माझ्यातून लिहायचा. मग टर्नर मानसिंग ते ड्रॉइंग बघून लेथवर नवा भाग करायचा. मानसिंग टेंभुर्णीकडचा. आल्यागेल्याला तो कागद दाखवायचा, "बगा, अण्णांचं अक्षर कसं मोत्यावानी हाय." अक्षर माझं, नाव अण्णांचं. तरी मी खूश असायचे, कारण रोज हातात तर होते.

पुढे मोठ्या कारखान्यांत कॉम्प्युटर आले. त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, ते लांब होते. माझ्या पोटात दुखायला लागलं ते एका बोटभर पेन्सिलीमुळे.

गुरुशांतची मुलगी हेमावती आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करायला लागली. दुपारी ती वर्कशॉपमध्ये येऊन बापाच्या टेबलावर सराव करायची. पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे ऐटीत पडून राहिले, तर तिने मला कोपऱ्यात सरकवलं. म्हणाली, "दिपाली मॅडमनी सांगितलंय, पहिलं वर्ष पट्टीला हात लावायचा नाही." आणि दप्तरातून ती मेली एचबी पेन्सिल बाहेर आली.

तेव्हापासून मी कोपऱ्यातून बघत बसायचे. आधी कडक पेन्सिलीने दोन फिकट रेघा मारायच्या, एक वर, एक खाली. मग त्यांच्यामध्ये एचबीने अक्षर. रेघ वरून खाली ओढायची, उलटी ढकलायची नाही. दोन-चार अक्षरं झाली की पेन्सिल बोटांत जराशी फिरवायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही. एवढे लाड! सव्वीस वर्षांत माझ्या भोकांतला शिशाचा गाळ कुणी धड पुसला नव्हता.

सुरुवातीला मात्र माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हेमावतीची अक्षरं वरच्या रेघेला नीट चिकटायची आणि खाली हवेत लोंबकळायची. तिच्या वहीत मॅडमनी लाल शाईने लिहिलं, "मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. आधी पाय टेकव." दोन महिन्यांत पोरीने पाय टेकवले. तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. गुरुशांत दोन अक्षरांत नेहमी सारखंच अंतर सोडायचा, त्यामुळे L च्या पुढे A आला की मध्ये खिंड पडायची. ही पोर नजरेने अंदाज घेऊन A जवळ ओढायची आणि शब्द कसा भरल्यासारखा दिसायचा. एकदा मानसिंग म्हणाला, "हेमाचं अक्षर अण्णांच्या वरताण हाय की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एप्रिलमध्ये उजनीकाठचा एक बागायतदार पंप घेऊन आला. चार दिवस केळीला पाणी नव्हतं. शाफ्ट मोडलेला, आणि पंपातला पंखा बसतो तिथे झिजून गेलेला, म्हणून तिथलं माप पंख्याच्या भोकावरून काढायचं आणि मानसिंगने ते ड्रॉइंगवरूनच घ्यायचं होतं. गुरुशांत म्हणाला, "हेमा, या खेपेला ड्रॉइंग तू काढ." ती किती दिवस याच वाक्याची वाट बघत होती. पुढे हे वर्कशॉप मीच चालवणार, असं ती मैत्रिणींना सांगून बसली होती.

तिने सुरेख ड्रॉइंग काढलं. मापं तीन: 39, 20 आणि 230; त्यातलं 39 म्हणजे पंखा बसतो तिथली जाडी. हौसेच्या भरात तिने 9 ला लांब, झोकदार शेपूट काढलं. मी ते पाहिलं. मला बोलता येत नाही. पण खरं सांगते मित्रांनो, बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

मानसिंगची मापाची डायरी मराठी आकड्यांत असते. कागदावरचे 2, 3 आणि 0 मराठीतही तसेच दिसतात. आणि लांब शेपटाचा 9 तर हुबेहूब मराठी १ दिसत होता. त्याला वाटलं, पोरीने मराठीतच लिहिलंय. त्याने वाचलं ३१. शाफ्ट तासला, पंखा घालून बघितला, तर तो खुळखुळायला लागला. बारीक झालेला शाफ्ट काही परत जाड होत नाही.

"एकतीस कुणी सांगितलं तुला?" गुरुशांतने विचारलं.

"ह्यात एकतीसच लिवलंय की, अण्णा." मानसिंगने कागद पुढे केला.

गुरुशांतने कागद पाहिला. रागावला की त्याच्या तोंडात घरची कन्नड येते. "साकु, हेमा," तो म्हणाला. "पुरे झाली हौस. या टेबलावर बसायचं असेल तर पट्टीनेच लिहायचं. नाहीतर बसायचंच नाही." मग तो नव्या शाफ्टसाठी पोलादी बार आणायला गावात गेला. बागायतदार बाकावर तोंड पाडून बसला होता. हेमावतीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी आनंदाने नाचत होते. लाज वाटते सांगायला, पण नाचत होते.

हेमावतीने डोळे पुसले आणि एक कोरा कागद घेतला. रेघा मारल्या, ओळभर 9 काढले आणि लेथपाशी गेली. "काका, वाचा."

"एक. एक. नऊ. ह्यो... एकच वाटतोय."

ती परत आली. शेपूट तोडलं, पाय सरळ केला, वरचा गोल मोठा केला. पुन्हा गेली, पुन्हा आली. पाचव्या कागदाला मानसिंगने सगळी ओळ न अडखळता वाचली, "नऊ, नऊ, नऊ, समदे नऊ."

गुरुशांत बार घेऊन आला तेव्हा तिने तो कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तिकडे बघितलंही नाही, मला उचललं आणि तिच्या हातात दिलं. मी फुलून गेले. तेवढ्यात मानसिंग म्हणाला, "अण्णा, रागावू नका. पन तुमी एकदा हातानं लिवून दावा की."

"त्यात काय," म्हणून गुरुशांतने पेन्सिल घेतली, दोन रेघा मारल्या आणि 39 लिहिलं. बराच वेळ लागला त्याला. तीन एका अंगाला कलला, नऊ वरच्या रेघेला लटकला आणि त्याला शेपूट फुटलं.

मानसिंग वाकून बघत हळूच म्हणाला, "एकतीस."

गुरुशांतने आपला कागद हेमाच्या कागदाशेजारी ठेवून पाहिला. मग स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "बस हेमा. लिही तू."

संध्याकाळी शाफ्ट बसला आणि पंप उजनीकडे रवाना झाला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत गुरुशांत मुलीसमोर वही घेऊन बसायला लागला. बावन्न वर्षांचा माणूस, दोन रेघा मारून A, A, A काढतो, खोडतो, पुन्हा काढतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या पट्ट्या पुसून, जपून ठेवा, त्यांच्या कडा मोडू देऊ नका. पण रोज दहा ओळी हातानेही लिहा, आणि लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्या. माझी जळजळ अजून गेलेली नाही. फक्त आता ती पेन्सिलीवर नाही, त्या पोरीवर आहे. माझा माणूस सव्वीस वर्षं रोज माझ्यातून अक्षरं काढत होता आणि मी त्याला एक अक्षरही शिकवलं नाही.